पेशंटचं खाणं बंद असताना ‘पिवळी सलाईन’ लागते तेव्हा काय बघायचं

आमच्या कोल्हापुरात पेशंट दोन दिवस जेवला नाही की नातेवाईक पहिलं काय म्हणणार, डॉक्टर ती पिवळी सलाईन लावा की, ताकद येईल. मामांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मीपण हेच म्हणलो आणि सिस्टरनी असं झापलं की त्यातनंच सगळं शिकलो.

पिवळी सलाईन म्हणजे व्हिटॅमिनचं इंजेक्शन मिसळलेली सलाईन, आणि तिचा पिवळा रंग बी टू व्हिटॅमिनचा, म्हणजे रायबोफ्लेविनचा. त्यानं लघवी पिवळीधमक होते, घाबरायचं नाही, पण डोळे पिवळे दिसले तर लगेच सांगा. आणि व्हिटॅमिनमध्ये कॅलरी नसतातच, 5 टक्के ग्लुकोजच्या अख्ख्या लिटरमध्येसुद्धा 170 च्या आसपास, म्हणजे एक-दीड भाकरी फक्त. आतडं चालू असेल तर नाकातल्या नळीतनं फीड देणंच बरं, शिरेतनं पूर्ण आहार म्हणजे टीपीएन हे आतडं कामच करत नसेल तेव्हाचं.

आता मेन गोष्ट. ॲडमिट करतानाच डॉक्टरांना खरं खरं सांगा, किती दिवस पोटात काय गेलं नाही, उलट्या किती, वजन किती उतरलं, आणि दारू असेल तर तीपण, पाहुण्यांसमोर लाज वाटते म्हणून लपवू नका. कारण शरीरात थायमिन म्हणजे बी वनचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतोय, आणि उपाशी माणसाला एकदम ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलंपण संपतं, मग माणूस बरळतो, तोल जातो, डोळे नीट फिरत नाहीत. म्हणून थायमिन ग्लुकोजच्या आधी देतात. सोबत रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमपण धाडकन उतरू शकतं, त्यामुळं रोज रक्त काढतात म्हणून कुरकुर करू नका.

टीपीएनची तीन कप्प्यांची बॅग आली की विचारा, "सिस्टर, यात व्हिटॅमिन घातलंय का?" कप्प्यात ग्लुकोज, अमिनो ॲसिड आणि फॅट असतं, व्हिटॅमिन बहुतेक वेळा वेगळं घालावं लागतं. 1997 च्या सुमारास अमेरिकेत या व्हिटॅमिनच्या इंजेक्शनचा तुटवडा पडला तर व्हिटॅमिनशिवाय टीपीएनवर असलेल्या पेशंटच्या रक्तात ॲसिड वाढून जीवावर बेतलं होतं, मग आपण विचारायला का लाजायचं?

बॅगवर झाकण घालतात ते उन्हाचा, उजेडाचा व्हिटॅमिनवर परिणाम होतो म्हणून, हवा यावी म्हणून काढू नका. नळीवरचा रोलर, म्हणजे सलाईनचा वेग कमी-जास्त करायचं चाक, स्वतः फिरवायचा नाही, बॅग संपत आली की सिस्टरना हाक मारा. थंडी वाजून ताप आला, नळीजवळ लाल झालं, सुजलं, अंगावर पित्त उठलं किंवा दम लागला तर लगेच कळवायचं. रक्त पातळ व्हायची वॉरफेरिन गोळी चालू असेल तर आधीच सांगा, व्हिटॅमिन के त्याच्या उलट काम करतं. आणि गल्लीत कोण घरी येऊन लावून देतोय म्हणून असली सलाईन घरी लावून घ्यायची नाही.

मामांना पेज सुरू केली तरी बॅग लगेच काढली नाही, पेज पचतीय का बघत हळूहळू कमी केली. तेवढ्यात पांढरा रस्सा कधी, हे त्यांनी तीनदा विचारून झालं होतं.