पायपर कबचे रबरावर उडणारे मॉडेल

अमेरिकेतील लॉक हेवन येथे १९३८ पासून तयार झालेल्या पायपर जे-३ कब या दोन आसनी विमानाच्या पंखांचा एकूण विस्तार १०.७४ मीटर आणि लांबी ६.८३ मीटर होती. धडातल्या रबराला दिलेला पीळ उलगडताना नाकावरचा पंखा (प्रोपेलर) फिरतो, अशा त्याच्या मॉडेलचा विसाव्या भागाच्या प्रमाणात पंखविस्तार सुमारे ५४ आणि लांबी ३४ सेंटिमीटर येते, म्हणजे काम घरातल्या टेबलावर उरकते.

आराखड्यावर प्लास्टिक अंथरून धडाची एक बाजू बाल्सा या हलक्या लाकडाच्या पट्ट्यांनी जुळवावी आणि दुसरी तिच्यावरच, मध्ये पुन्हा प्लास्टिक घालून, बांधावी, म्हणजे दोन्ही तंतोतंत सारख्या होतात. पंखांची टोके मुळापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर उंच ठेवावीत. मूळ कबचे पंख जवळजवळ सपाट असले, तरी वैमानिकाविना उडणाऱ्या मॉडेलला हा कोन लागतोच.

पिवळा टिश्यू पेपर चिकटवल्यावर त्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा. कागद वाळताना आवळतो आणि पंख पिळवटतो, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत पंख फळीवर टाचण्यांनी दाबून ठेवावा. जुलै-ऑगस्टच्या नवी मुंबईत एक रात्र पुरेलच असे नाही. टाकीच्या झाकणातून वर आलेली, इंधन संपत जाईल तशी खाली उतरणारी तार हा कबचा इंधनमापक होता. काचेपुढे बारीक तार खोचून तो जरूर दाखवावा.

खरी परीक्षा तोलाची असते. कबचे नाक आखूड आहे, आणि मूळ विमानात तिथे असणारे इंजिनाचे वजन मॉडेलमध्ये नसते. उलट रबराचा बराचसा भार मागे जातो. एकटा वैमानिक मागच्या आसनावर बसत असे, पण हौसेने तिथे जड बाहुली बसवली तर शेपूट आणखी खाली जाते. आठ सेंटिमीटर रुंदीच्या पंखाच्या पुढच्या कडेपासून सुमारे २.७ सेंटिमीटरवर, दोन्ही बाजूंनी बोटांच्या टोकांवर मॉडेल आडवे तोलले जाईपर्यंत नाकात मॉडेलिंग क्ले भरावी. वजन वाढते, त्याला इलाज नाही.

खाडीवरचा वारा सुटण्याआधी, पहाटे गवताळ मैदानावर, रबराला पीळ न देता मॉडेल किंचित खालच्या दिशेने सोडावे. ते नाक वर करून अडखळले तर क्ले वाढवावी, थेट खाली घुसले तर थोडी काढावी. त्यानंतरच थोडा पीळ द्यावा. आता मॉडेल उभे चढून कोसळू लागल्यास क्लेला हात लावू नये, पंखा ज्यावर बसतो त्या नाकातल्या ठोकळ्याच्या वरच्या कडेमागे बाल्साची पातळ चीप सरकवून पंख्याचा रोख दोन-तीन अंश खाली वळवावा.