फिका रंग की गडद: आधी उजेड पाहा, मग भिंत

शेड कार्डावरच्या दोन बोटांच्या तुकड्यावरून रंग ठरवू नका. भिंतभर लागला की तोच रंग कार्डापेक्षा बराच ठळक वाटतो.

सकाळी अकराला दिवे बंद करून खिडकीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचून पाहा. अक्षरं नीट लागत नसतील तर तिथे फिकाच रंग हवा. बऱ्याच शेडला एलआरव्ही हा आकडा दिलेला असतो, म्हणजे भिंत किती टक्के उजेड परत फेकते. अंधाऱ्या खोलीसाठी तो ६० च्या वर असावा. २० च्या खालचा रंग अशा खोलीत चारही भिंतींना लावलात, तर दिवसाही दिवा लागेल.

गडद रंगाची खरी परीक्षा भिंतीची असते. रात्री टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा प्रकाश टाका. पुट्टीचे उंचवटे, पॉलिश पेपरचे ओरखडे लगेच दिसतील. फिक्या मॅट रंगात ते बरेचसे लपतात, गडद रंगात, त्यातही चमक असेल तर, उठून दिसतात. म्हणून पुट्टी पुन्हा घासून घ्या, धूळ पुसा, मगच प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर. गडद रंगाखाली पांढऱ्याऐवजी राखाडी छटेचा प्राइमर मारला तर रंग लवकर झाकतो. तरीही रंगाचा तिसरा हात धरूनच चाला.

बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला गडद रंग नकोच. ओलीबरोबर बाहेर येणारा खार त्यावर पांढरा डाग होऊन बसतो. आधी गळती काढा, भिंत पूर्ण वाळू द्या.

१२ बाय १० फुटांच्या भिंतीला चांगल्या इमल्शनचे (पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे) दोन हात द्यायला साधारण एक लिटर लागतो. गडद रंग दोन लिटर घ्या, एकाच बॅचचा, आणि डबे एकत्र ढवळा. पंखा बंद ठेवून, कडा ओली असतानाच पुढचा पट्टा ओढा, नाहीतर रोलरचे जोड दिसतात. नंतर ओरखडा पडला तर तेवढाच ठिपका रंगवू नका, तो वेगळा दिसतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवावी लागते.

नक्की करण्याआधी खिडकीसमोर आणि खिडकीशेजारी अशा दोन भिंतींवर दोन बाय दोन फुटांचे नमुने, दोन हात देऊन, लावा. सकाळी, दुपारी आणि रात्री घरातलेच दिवे लावून पाहा. ६५०० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचं माप) पांढऱ्या प्रकाशात राखाडी निळसर वाटतो, ३००० च्या पिवळ्यात क्रीम आणखी पिवळा. दिवे बदलणार असाल तर आधी ते बदला.