‘तुम्हीच सांगा ना जी’ म्हटल्यावर काय करायचं?

नागपुरात समुपदेशनाचं प्रात्यक्षिक सुरू झालं की हे वाक्य लवकरच कानावर पडतं. समोरची व्यक्ती गोंदियाहून सकाळची गाडी धरून आलेली असते, तिला उत्तर हवं असतं. नवखे समुपदेशक इथे दोन तऱ्हांनी चुकतात. काही जण लगेच सल्ला देतात. तो फसला तर दोष समुपदेशकाचा, जमला तर श्रेयही त्याचंच; माणूस होता तिथंच राहतो. बाकीचे ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच विचारून मोकळे होतात. ही चूक जास्त लागते, कारण ऐकणाऱ्याला आपल्याला टाळलं असंच वाटतं.

त्याऐवजी दोन-तीन पर्याय मांडा. कशाला किती वेळ लागेल, कुठे त्रास होईल, ते स्पष्ट सांगा आणि निवड त्यांना करू द्या. आठवड्याचं काम ठरलं की विचारा, ‘हे जमेल याची खात्री 0 ते 10 मध्ये किती?’ 7 च्या खाली उत्तर आलं तर काम लहान करा. मे महिन्यात फुटाळा तलावावर रोज अर्धा तास चालणं वहीतच राहतं. सकाळी सहाला 10 मिनिटं, आठवड्यातून तीनदा, हे होऊ शकतं. काम झालं नाही तर ‘का नाही केलं?’ म्हणू नका, त्याने शाळेतला फळा आठवतो. ‘कुठे अडलं?’ विचारा. पुष्कळदा काम आपणच मोठं दिलेलं असतं.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये उपचारातल्या सहकार्याचे तीन भाग मांडले: ध्येय, काम आणि नातं. पहिल्या दोन्हींवर एकमत नसेल तर नुसत्या गोड बोलण्यावर नातं टिकत नाही. म्हणून शेवटची पाच मिनिटं राखा आणि ‘आज काय राहून गेलं?’ हे विचारा.

पण सगळंच वाटून घ्यायचं नसतं. वेळेची शिस्त, गोपनीयता आणि जिवाची सुरक्षितता आपल्याकडेच. आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारा. हो म्हटलं तर सुरक्षा-योजना (तसा विचार आला तर काय करायचं, कुणाला बोलवायचं) सोबत बसून लिहा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्या आणि पर्यवेक्षकांना त्याच दिवशी कळवा. इथे ‘निर्णय तुमचा’ म्हणणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

सत्रानंतर आईचा फोन येतोच: ‘पोरगं काय बोललं जी?’ घरी काय सांगायचं, काय नाही, हे सज्ञान व्यक्तीसोबत पहिल्याच भेटीत ठरवून लिहून ठेवा. आणि नोंदी लिहिताना त्या व्यक्ती स्वतः वाचतील असं धरूनच लिहा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क त्यांना दिला आहे.