हंस अंडी उबवायला खुडूक बसलेत? मग या चुका टाळा

गोराईला आमच्या घरामागे चार माद्या आणि एक नर, एवढाच संसार. गावात काहीजण यांना मोठं बदकच म्हणतात, पण चोचीवर गाठ असलेला हा चायनीज हंस, आणि त्याला बदकाच्या हिशोबाने वागवलं की गडबड तिथूनच सुरू होते. अंडी उबायला कोंबडीचे 21 दिवस, बदकाचे साधारण 28, हंसाचे 30 च्या आसपास. कितीतरी लोक 28 व्या दिवशी "गेली वाटतं अंडी" म्हणून उचलून फेकतात, मी पण एकदा फेकलीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पिल्लं हवीत की नकोत हेच ठरवायचं नाही. नको असतील तर अंडी रोज उचला, खुराड्यात एखादं लाकडी अंडं ठेवा म्हणजे ती जागा सोडून झुडपात घालायला जात नाही. हवी असतील तर मात्र अंड्यांवर पेन्सिलीने तारीख टाका. मार्कर नको, अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात.

तारीख का, तर मादी साधारण एक दिवसाआड अंडं घालते आणि आमच्याकडे चौघींना चार घरटी दिली तरी दोघी एकाच कोपऱ्यात घुसतात. मग होतं काय की एक बसलीय आणि दुसरी तिच्याच खाली एक दिवसाआड नवीन अंडं टाकून जातेय, त्यातली काही पाच दिवसांची काही वीस दिवसांची, पहिली दोन पिल्लं निघाली की आई त्यांच्या मागे उठून जाते आणि बाकीची आत जीव असून थंड पडतात. हे बघवत नाही खरंच. म्हणून बसायच्या आधी अंडी गोळा करत राहा, ती पक्की खुडूक झाली की सगळी एकदम खाली सरकवा, एकीला 8 ते 10 बास. नंतर दिसलेलं बिनतारखेचं अंडं सरळ ऑम्लेटला. आणि दोघींच्या मध्ये एखादी फळी उभी करा, एकमेकींना दिसल्या नाहीत तर भांडणं निम्मी होतात.

गोळा केलेली अंडी ठेवायची कुठे हा मुंबईचा वेगळाच प्रॉब्लेम. उबवायच्या अंड्यांना 13 ते 16 डिग्री मानवतं, फ्रीज फार गार आणि आपलं किचन फार गरम, तिथे आतला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. घरातली सगळ्यात गार, काळोखी जागा शोधा, रोज अंडी फिरवा आणि आठवड्याच्या आत खाली ठेवा. धुवू नका, घाण असेल तर कोरडीच खरवडा. त्यापेक्षा भाताचा पेंढा ओला झाला की बदला, मग घाण लागतच नाही.

पिल्लं नको असताना मादी बसून राहिली तर आमच्याकडची जुनी माणसं सांगतात खुडूक कोंबडीला पाण्यात बुचकळ. अहो, हंसाला पाण्यात बुचकळून काय होणार, ती खुश होईल! तारेच्या जाळीचा तळ असलेल्या पिंजऱ्यात ठेवा, जमिनीपासून वर, पोटाला खालून हवा लागली पाहिजे, पेंढा नाही, पण सावली, दाणा, पाणी भरपूर. तीन-चार दिवसांत डोकं ताळ्यावर येतं.

बसलेली मादी दिवसातून एकदा उठते, खाते, डुंबते, ओली परत येते, त्याला घाबरू नका, अंडी पिसांनी झाकून गेलेली असते. दाणापाणी जवळच ठेवा, नाहीतर हडकते. नर या दिवसांत कुरिअरवाल्याला पण सोडत नाही, त्याला मारू नका, जाळीआड ठेवा.

आठव्या-दहाव्या दिवशी रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरा, लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठीक, नुसतं स्वच्छ असेल तर काढा. चोच मारल्यावर पिल्लू बाहेर यायला दिवस-दीड दिवस लागू शकतो, कवच सोलू नका, आतल्या शिरांतून रक्त जातं.

35 दिवस झाले आणि काहीच नाही, तर रात्री अलगद काढून खोल पुरा. कचऱ्याच्या डब्यात फुटलं ना, शेजारी पुढच्या गणपतीपर्यंत बोलणार नाहीत.