सामूहिक वनहक्काचा दावा: फाईल प्रांतांकडून परत येऊ नये म्हणून

गावाच्या वहिवाटीतलं जंगल राखायचा आणि त्याचा कारभार पाहायचा हक्क हवा असेल, तर 2006 च्या वनहक्क कायद्याखाली नमुना 'सी' भरायचा. नमुना 'बी' वेगळा. तो मोहफूल, तेंदू, चराई, मासेमारी अशा हक्कांचा. दोन्ही एकाच वेळी द्या. नुसत्या 'बी'वर मोह वेचता येतो, पण जंगलाचं नियोजन वनखात्याकडेच राहतं.

अनुसूचित (आदिवासी म्हणून जाहीर झालेल्या) क्षेत्रात ग्रामसभा टोल्याची (वस्तीची) किंवा गावाची घ्या. गटग्रामपंचायतीच्या सभेत गणपूर्ती अडते: निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश स्त्रिया. दावा तपासणारी ग्रामसभेची वनहक्क समिती 10 ते 15 जणांची. त्यात किमान दोन-तृतीयांश आदिवासी आणि एक-तृतीयांश महिला. हजेरीत स्त्रियांच्या सह्या-अंगठे वेगळ्या पानावर घेतले की मोजणीवरून वाद होत नाही.

पुरावे किमान दोन लागतात. विदर्भात निस्तार पत्रक (गावाच्या जंगल-चराईच्या वहिवाटीची जुनी सरकारी नोंद) सर्वांत भक्कम. त्याची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. जोडीला वयस्कांचे लेखी जबाब, देवस्थानं, गुरांच्या वाटा, जुनी तळी.

खरी कसोटी स्थळ पडताळणीची. पुढे निघणाऱ्या बहुतेक त्रुटींचं मूळ इथेच असतं, म्हणून घाई करू नका. वनपरिक्षेत्र अधिकारी आणि तहसीलदार यांना निदान पंधरा दिवस आधी लेखी कळवा, पोच घ्या. शिवेवरून चालताना प्रत्येक वळणावर जीपीएसचा बिंदू, जवळची खूण (नाला, मोठं झाड, डोंगराची सोंड) आणि कंपार्टमेंट नंबर (वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या भागाचा क्रमांक) लिहा. पंचनाम्यावर वनरक्षक आणि तलाठी यांची सही, पदनाम, तारीख आणि शेरा घ्या. शेरा विरोधी असला तरी चालेल, कोरा नको.

कर्मचारी आलेच नाहीत, तर पुष्कळ गावं पडताळणी पुढे ढकलतात आणि वर्ष जातं. ढकलू नका. ठरल्या दिवशी चाला, गैरहजेरी पंचनाम्यात नोंदवा. 2012 च्या दुरुस्त नियमांनुसार गैरहजर खात्याने नंतर त्याच कारणावरून हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे येतो. तेव्हाही ते आले नाहीत, तर ग्रामसभेची पडताळणी अंतिम. ही तरतूद वापरायला पहिल्या पत्राची पोच हाताशी हवी. उपग्रहाचं चित्र पूरक पुरावा आहे, तेवढ्यावरून दावा नाकारता येत नाही.

शेजारच्या गावाची शीव आपल्या शिवेवर चढत असेल, तर दोन्ही वनहक्क समित्यांची बैठक आधीच घेऊन निर्णय लिहून ठेवा.

गावाला मदत करणाऱ्या संस्थेने नकाशा, टंकलेखन, नियमांची माहिती एवढं जरूर करावं. ठरावाचा मजकूर मात्र सभेत मोठ्याने वाचून, गावाच्या बोलीत समजावूनच मंजूर व्हावा. सगळीकडे एकच छापील ठराव फिरला की अधिकाऱ्यांना शंका येते, आणि ती रास्त असते.

प्रांतांच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) अध्यक्षतेखालील उपविभागीय समितीला दावा फेटाळता येत नाही. कारणं लिहून परत पाठवता येतो. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीचा. हक्कपत्र हाती येताच क्षेत्र आणि कंपार्टमेंट नंबर आपल्या नकाशाशी ताडून पाहा. महसूल आणि वन अभिलेखात नोंद तीन महिन्यांत व्हायला हवी. तिचा पाठपुरावा करा.

हक्कपत्रावर काम थांबत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सुमारे 1,800 हेक्टरवरचा हक्क 2009 मध्ये मिळाला, पण बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल 2011 उजाडला. आता नियमच सांगतो, की परवाना ग्रामसभेची व्यवस्थापन समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल. म्हणून ही समिती आणि सहीचा अधिकार कोणाला, हे दोन ठराव पहिल्या तोडणीच्या आधी करून वनखात्याला पोचते करा.