तुमची मोबाईल कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होतेय? मग काय करायचं आणि काय नाही

दोन मोबाईल कंपन्या एक होणार अशी बातमी आली की व्हॉट्सअपवर लगेच फॉरवर्ड सुरू होतात, सिम बंद होणार, बॅलन्स बुडणार, आजच्या आज पोर्ट करा (म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला), आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत शटरसमोर माणसं उभी. चोपड्यात माझं रिचार्ज आणि सिमचं दुकान आहे, एअरसेल गेली तेव्हापासूनची सगळी उलथापालथ काउंटरमागून बघतोय, आणि अगदी मनापासून सांगतो, लोकांचं नुकसान विलीनीकरणाने कमी आणि घाईने जास्त होतं. म्हणून जे करायचं ते क्रमाने लिहितोय.

सगळ्यात आधी कंपनी विलीन होतेय की बंद पडतेय ते नीट वाचा, कारण या दोन गोष्टी पार वेगळ्या आहेत. व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ ला एक झाल्या, तरी पुढची दोन वर्षं दोघींचे सिम वेगवेगळ्या नावानेच विकले गेले, व्हीआय हे नाव आलं ७ सप्टेंबर २०२० ला. टेलिनॉर २०१८ मध्ये आणि टाटा डोकोमोचे मोबाईल ग्राहक २०१९ मध्ये एअरटेलकडे गेले, कोणाचाही नंबर बदलला नाही. एअरसेलचं तसं नव्हतं. तिचं रिलायन्स कम्युनिकेशन्सशी ठरलेलं विलीनीकरण २०१७ मध्ये मोडलं, २०१८ च्या सुरुवातीला कंपनी दिवाळखोरीत गेली आणि टॉवर बंद पडायला लागले, तेव्हा ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, पोर्ट करायला १५ एप्रिल २०१८ पर्यंतची मुदत दिली होती. बंद पडणाऱ्या कंपनीतून लगेच निघा. विलीन होणारीतून लगेच निघायची काहीच गरज नाही.

विलीनीकरणात नंबर तोच राहतो, बॅलन्स आणि चालू प्लॅनची मुदत तशीच पुढे जाते, सिम लगेच बदलावं लागत नाही, बँक आणि आधारला जोडलेल्या नंबरलाही धक्का लागत नाही. पोस्टपेड असेल आणि बिल बँकेतून आपोआप कटत असेल तर पुढच्या महिन्यात ते कटलं का एवढं बघून घ्या.

याच काळात फोन येतात, ‘तुमची कंपनी बदलली, केवायसी करा, ओटीपी सांगा, नाहीतर दोन तासांत नंबर बंद.’ सरळ कट करा. कंपनी असा ओटीपी मागत नाही आणि ट्राय तर कोणालाही नंबर बंद करायचा फोन करतच नाही. आईवडिलांना हे समोर बसवून सांगा, मेसेज पाठवून भागत नाही.

रिचार्ज: चालू पॅक संपू द्या. वर्षभराचा मोठा पॅक मात्र या दिवसांत मारू नका, ते का हे पोर्टच्या ठिकाणी सांगतो. ट्रायच्या नियमाने प्लॅन घेतल्यापासून सहा महिने त्याचे दर कंपनीला वाढवता येत नाहीत आणि लांब मुदतीचे पैसे आधीच भरले असतील तर त्या मुदतीपर्यंत नाही, त्यामुळे ‘उद्यापासून तुमचा प्लॅन महाग’ म्हणून कोणी आजच नवीन पॅक घ्यायला लावत असेल तर ऐकू नका.

आता खरी अवघड जागा, रेंज. यावर कोणी धड बोलत नाही, सगळे म्हणतात दोन कंपन्यांचे टॉवर एक झाले म्हणजे रेंज डबल. असं होत नाही भाऊ. एकाच गावात दोघींचे टॉवर जवळजवळ असतील तर नवी कंपनी एक ठेवते आणि दुसरा काढते, खर्च वाचवायलाच तर एक झालेल्या असतात. शहरात हे कळतही नाही. पण यावल-रावेरच्या केळीच्या मळ्यात, किंवा सातपुड्याच्या पायथ्याला, वर धडगाव-मोलगीकडे, जिथे एका टेकडीच्या अलीकडे एकीची रेंज आणि पलीकडे दुसरीची, तिथे एक टॉवर काढला की फरक पडतो. सुरुवातीला मलाही याच ठिकाणी लय डोकं लावावं लागलं, कारण गिऱ्हाईक सांगतो रेंज गेली आणि दुकानात बघावं तर कांड्या फुल.

आपल्याकडे बहुतेकांच्या फोनमध्ये दोन सिम असतात आणि ते मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांचे घेतलेले असतात, एकीची रेंज गेली तर दुसरी चालावी म्हणून. नेमक्या त्याच दोन कंपन्या एक झाल्या की काही महिन्यांनी दोन्ही सिम एकाच टॉवरवर येतात. स्क्रीनवर दोन सिम दिसतात, पण आधार एकच उरतो, आणि तो टॉवर लाईट गेल्यावर बसला की दोन्ही सोबत मुके. हे कंपनी सांगणार नाही, बातमीतही येत नाही. तुमचे दोन्ही सिम विलीन होणाऱ्या कंपन्यांचे असतील तर त्यातला एक तिसऱ्या कंपनीत न्यायचाच, याच्यात माझं दुसरं मत नाही.

पण कोणत्या कंपनीत, ते घरी बसून ठरवू नका. कंपनीच्या साइटवर कव्हरेजचा नकाशा असतो, तो बघा, पण त्याच्यावर पैसे लावू नका. विहिरीजवळ, खळ्यात, मुलगी क्लासला जाते त्या रस्त्यावर, जिथे खरोखर फोन लागायला पाहिजे तिथे दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला शेजारचा फोन घेऊन जा आणि कॉल लावून बघा, नुसत्या कांड्या मोजू नका, बोलणं तुटतं का ते ऐका. एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी सातच्या पुढे, कारण सगळे घरी येऊन मोबाईल घेऊन बसतात तेव्हाच नेटवर्कचं खरं रूप कळतं.

आणि त्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या नेटवर्कमध्ये जाऊन बघा की ‘ऑटोमॅटिक’ चालू आहे का. कोणीतरी कधीतरी हाताने एकच नेटवर्क निवडून ठेवलेलं असतं, ते नाव विलीनीकरणात बंद झालं की फोन तेच शोधत बसतो आणि माणूस कंपनीला शिव्या देतो. ऑटोमॅटिक करा, फोन बंद करून चालू करा, माझ्याकडे रेंज गेली म्हणून येणाऱ्यांपैकी कितीतरी जण इथूनच घरी जातात. नवापूर किंवा पळासनेरसारख्या बॉर्डरवर राहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा की तुमचा फोन कधी गुजरातचा, कधी एमपीचा टॉवर पकडतो, म्हणून चाचणी घरात घेतली तशीच गावाच्या अलीकडच्या अंगालाही घ्या.

एक सिम सगळेच विसरतात. विहिरीवरच्या मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमधलं, म्हणजे फोन करून मोटार चालू करायच्या पेटीतलं. पेटीच्या आत, वायरींच्या मागे, धुळीने माखलेलं ते छोटं सिम, ते बहुतेक पेट्यांत टूजीवर, म्हणजे जुन्या साध्या नेटवर्कवर चालतं. यावलकडचे एक आबा मला म्हणाले, सगळ्या घराचे नंबर एकाच कंपनीत करून टाक, म्हटलं आबा, आधी स्टार्टरची पेटी उघडून मॉडेलचा फोटो काढून आणा. जिओकडे टूजी नाहीच, ती पहिल्या दिवसापासून फोरजीवाली, तिथे टूजीचा स्टार्टर गेला तर फोन करून मोटार चालूच होणार नाही, रात्रीच्या लाईटीला उठून मळ्यात जावं लागेल. साध्या बटणाच्या टूजी फोनचंही हेच. म्हणून स्टार्टर आणि म्हाताऱ्यांचा फोन यांना हात लावायच्या आधी ते कशावर चालतात ते तपासा.

पोर्ट करायचं ठरलं तर मग सोपं आहे, फक्त वेळ साधा. मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट लिहा, एक जागा सोडून दहा आकडी नंबर, आणि १९०० ला पाठवा. तुमच्या रिचार्जमध्ये एसएमएस नाही म्हणून हा मेसेज जाणार नाही असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे, ट्रायने डिसेंबर २०२१ मध्येच कंपन्यांना सांगितलंय की कोणताही प्लॅन असो, हा मेसेज गेलाच पाहिजे. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो, म्हणून ज्या दिवशी दुकानात जायला सवड आहे त्याच्या आदल्या दिवशी मागवा. आधार घेऊन नवीन कंपनीच्या दुकानात जा, नवीन सिम घ्या, सर्कलमधल्या सर्कलमध्ये (सर्कल म्हणजे कंपन्यांनी धरलेला विभाग, जसं महाराष्ट्र किंवा गुजरात) तीन कामाच्या दिवसांत काम होतं. जुन्या सिमची रेंज गेली की नवीन टाका.

कोड येत नसेल तर कारण ठरलेलं असतं. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नसतात, किंवा पोस्टपेडचं बिल बाकी असतं, किंवा सिम दुसऱ्याच्या नावावरून स्वतःच्या नावावर करायचा अर्ज चालू असतो, किंवा गेल्या सात दिवसांत सिम बदलून घेतलेलं असतं, हा शेवटचा नियम जुलै २०२४ पासूनचा. वडील वारले आणि सिम अजून त्यांच्याच नावावर असेल तर आधी नाव बदलून ते काम पूर्ण होऊ द्या आणि मगच पोर्टला लागा, दोन्ही एकदम करायला गेलात तर दोन्ही अडकतात. आणि प्रीपेडचा उरलेला बॅलन्स आणि पॅक पोर्ट झाल्यावर बुडतो, परत मिळत नाही, म्हणूनच वर म्हटलं की वर्षाचा पॅक मारू नका. एकदा पोर्ट झालं की पुढचे ९० दिवस हलता येत नाही, रेंज आधी तपासा म्हणून एवढं घसा कोरडा करून सांगतोय ते यासाठीच.

सुरतेला कामाला असलेल्यांसाठी वेगळं. तिथे घेतलेलं सिम गुजरात सर्कलचं असतं. कायमचं शहाद्याला किंवा शिरपूरला परत आला असाल तर तोच नंबर महाराष्ट्र सर्कलमध्ये आणता येतो, देशभर ही सोय जुलै २०१५ पासून आहे, फक्त तीनच्या जागी पाच कामाचे दिवस धरा. त्या आठवड्यात पीकविम्याचा किंवा लाडक्या बहिणीच्या केवायसीचा ओटीपी लागणार असेल तर ते काम आधी उरकून घ्या.

विलीनीकरणानंतर पैसे जास्त कटले, न मागता कॉलरट्यून सुरू झाली, रेंज गेली ती आलीच नाही, तर दुकानदाराशी भांडू नका, त्याच्या हातात काही नसतं. १९८ ला फोन करा, तो फुकट आहे, आणि तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. समोरचा ‘झालं सर, बघतो’ म्हणून गुंडाळायला बघतो, तुम्ही शांतपणे नंबर मागत राहा. तक्रार सुटली नाही तर त्याच डॉकेट नंबरवर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, त्यालाही पैसे लागत नाहीत, आणि त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. डॉकेट नंबर आणि तारीख फोनमध्ये नको, वहीत लिहा, कारण तक्रार बहुतेक वेळा त्याच फोनची असते.