या चुका टाळा : गोदामातली हळद आणि जीडीपीतला साठा

31 मार्चला सांगलीच्या गोदामात हळदीची थप्पी मोजली जाते. त्यातून ताळेबंदाला एक आकडा लागतो, राष्ट्रीय लेख्यांना, म्हणजे साठ्यातील बदल धरून जीडीपी मोजणाऱ्या देशाच्या हिशेबाला, दुसराच. ही गल्लत झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

सर्वांत मोठी चूक भावाची. समजा, 1 एप्रिलला 500 क्विंटल हळद होती, भाव क्विंटलला 10,000 रुपये. वर्षअखेर 600 क्विंटल, भाव 14,000. अखेरच्या 84 लाखांतून सुरुवातीचे 50 लाख वजा केले की 34 लाख उरतात. हे 34 लाख जीडीपीत घालू नका. माल वाढला तो 100 क्विंटल. सरासरी 12,000 भावाने 12 लाखांचा. बाकीचे 22 लाख नुसते भाव चढल्याचे. त्यासाठी कुणी हळद काढली नाही की शिजवली नाही, म्हणून ते उत्पादन नव्हे. भाव आणि साठा वर्षभर सारख्या गतीने सरकले असतील तरच ही सरासरी चालते. मध्येच मोठी उसळी असेल तर महिनावार हिशेब मांडा. पडताळा सोपा आहे : पोती घटली आणि साठ्यातील बदल मात्र अधिक आला, तर बहुधा भाववाढ वजा करायची राहिलीय. फिफोने, म्हणजे आधी आलेला माल आधी विकला असं धरून, लिहिलेल्या वहीत तर ही भाववाढ नफ्यातच मुरलेली असते, कारण विकलेल्या मालाला जुना, स्वस्त दर लागतो.

जुना साठा विकला म्हणजे जीडीपी तेवढा वाढला, असंही नाही. तासगावच्या शीतगृहातला गेल्या वर्षीचा बेदाणा दिवाळीत घरोघरी गेला, तर खपात अधिक आणि साठ्यात वजा. यंदाची भर फक्त व्यापार, साठवण, वाहतूक या सेवांची. वजा करायचं विसरलं की तोच बेदाणा दोन वर्षांत दोनदा मोजला जातो.

वाढीच्या दरात तर आणखी एक पायरी असते. कारखान्याचा साखरसाठा गेल्या वर्षी 50,000 क्विंटलने वाढला आणि यंदा 20,000 ने, तर साठा वाढूनही वाढीच्या दराला हातभार उणेच. तिथे बदलातला बदल मोजतात.

रानात उभा आडसाली ऊसही विसरू नका. 31 मार्च ओलांडणारं असं पीक राष्ट्रीय लेख्यांच्या 2008 च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अपूर्ण उत्पादन, म्हणजे साठाच. सोन्याचं मात्र बघून ठरवा : विट्याच्या गलाईवाल्याने गाळण्यासाठी विकत घेतलेलं सोनं साठ्यात, मोल टिकावं म्हणून तिजोरीत ठेवलेलं 'मूल्यवान वस्तू' या वेगळ्या वर्गात.

नुकसानीचे दोन प्रकार वेगळे ठेवा. वाळून घटलेलं वजन, उंदीर, कीड ही नेहमीची घट साठ्यातून वजा होते. 2019 सारख्या महापुरात गोदाम बुडून माल गेला, तर ते नुकसान साठ्यातील बदलात धरत नाहीत. मालमत्तेच्या इतर बदलांच्या खात्यात त्याची नोंद होते, आणि जीडीपीतून ते वजा होत नाही.